उंटाधुरा ओलांडणारे व्यापारी

उत्तराखंडातील पिथौरागढ जिल्ह्यात, गोरीगंगेच्या उगमाजवळ, सुमारे 3,400 मीटर उंचीवर मिलम हे गाव आहे. आज तिथली बहुतेक दगडी घरे पडकी आहेत. परंतु 1962 पूर्वी भारत-तिबेट व्यापाराचे हे एक गजबजलेले ठाणे होते. जोहार खोऱ्यातील शौका लोक उन्हाळ्यात बिऱ्हाडासह इथे राहायला येत आणि खिंडींतला बर्फ उतरला की धान्य, गूळ व कापड घेऊन तिबेटातील ग्यानिमाच्या बाजाराकडे निघत.

मालाची बरीचशी ने-आण शेळ्या-मेंढ्यांच्या पाठीवरून होई. ‘करबछ’ नावाची दुहेरी पिशवी जनावराच्या दोन्ही कुशींवर समतोल साधून बांधली जाई आणि एकेक जनावर साधारण 10 किलो ओझे वाही. उंटाधुरा, जयंती आणि कुंगरी-बिंगरी या तीन उंच खिंडींच्या दरम्यान चारा मिळत नसल्यामुळे त्या शक्यतो एका दमात ओलांडाव्या लागत. मध्येच हिमवादळाने गाठले, तर कळपच्या कळप गमावण्याची वेळ येई. परतीच्या वाटेवर याच पिशव्यांत तिबेटी मीठ आणि टाकणखार असे, शिवाय लोकर येई.

या साऱ्या व्यवहाराचा खरा आधार मात्र शब्द हाच होता. शौका व्यापारी आणि त्याचा तिबेटी ‘मित्र’ एक दगड फोडून त्याचा एकेक तुकडा आपापल्याजवळ ठेवत. पुढे मुलगा किंवा नोकर व्यापाराला आला, तरी दोन्ही तुकडे जुळले की ओळख पटे. हे नाते वडिलांकडून मुलाकडे वारशाने जाई. कोर्टकचेरीपासून इतक्या दूर हा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या टिकला, यातच त्या माणसांची थोरवी दिसते.

तिबेटी भाषा आणि वाटा यांच्या याच जाणकारीमुळे ब्रिटिश सर्वेक्षण खात्याने मिलमच्या नैनसिंह रावत यांना गुप्त मोहिमेवर धाडले. जपमाळेवर पावले मोजत ते जानेवारी 1866 मध्ये ल्हासाला पोहोचले.

1962 च्या युद्धानंतर खिंडी बंद झाल्या. कळप विकले गेले, अनेक कुटुंबे मुनस्यारी आणि त्याखालच्या गावांत कायमची स्थिरावली, तरुण नोकरीकडे वळले. 1992 मध्ये लिपुलेखमार्गे तिबेटशी मर्यादित व्यापार पुन्हा सुरू झाला. पण तो ब्यांस खोऱ्यातून, जोहारच्या वाटेने नव्हे.