पांगाऱ्याच्या बिया

[दृश्य: पहाट. चर्चच्या दगडी पायऱ्या, फुलवाल्या, धूर.]

रविवार. ग्वाटेमालाच्या डोंगरातल्या चिचिकास्तेनांगो गावात बाजार भरतोय. सांतो तोमास चर्चच्या पायऱ्यांवर कोपल नावाचा डिंक जळतोय. आत संतांच्या मूर्ती, बाहेर पायऱ्यांवर पूर्वजांची आळवणी. बाजाराला आलेल्यांना त्यात नवल नाही.

ही किचे माणसं. माया संस्कृती लोप पावली, असं आपण शाळेपासून ऐकतो. पण त्या मायांपैकी एकट्या किचेंचीच भाषा आज दहा लाखांच्या आसपास माणसं बोलतात. विसाला ते 'हुविनाक' म्हणतात, म्हणजे एक माणूस. हातापायांची बोटं मोजली की झालं! चाळीस म्हणजे दोन माणसं. आपल्याकडच्या आज्या 'तीन विसा साठ' म्हणायच्या, तशीच ही मोजणी.

1524 मध्ये पेद्रो दे अल्वारादो या स्पॅनिश सरदारानं किचेंच्या राजांना जिवंत जाळलं आणि कुमारकाह ही राजधानीही पेटवून दिली. पुढे 1550च्या दशकात किचे सरदारांनी परक्यांची रोमन अक्षरं उचलली आणि आपली कथा आपल्याच भाषेत लिहून ठेवली. तो ग्रंथ 'पोपोल वूह'. मूळ प्रत गेली. उरली ती फ्रान्सिस्को हिमेनेस या पाद्रीबाबांनी 1701च्या सुमारास याच गावात केलेली नक्कल. ती आता शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे.

[दृश्य: चुलीपाशी मका दळणारे हात.]

कथा अशी. देवांनी आधी चिखलाचा माणूस केला, तो विरघळला. मग लाकडाचा केला. पुरुषासाठी घेतलं त्सितेचं लाकूड. हे झाड आपल्या पांगाऱ्याच्याच कुळातलं. लाकडी माणसं चालली, बोलली, त्यांना पोरंबाळं झाली. पण आपल्याला घडवलं कुणी, हे त्यांना आठवेना. तेव्हा घरातली भांडीकुंडीच उठली. पाटा म्हणाला, रोज माझं तोंड रगडलंत, आता तुमचं पीठ करतो. उपाशी ठेवलेली कुत्री चावायला धावली. जे वाचले, त्यांची माकडं झाली.

शेवटी श्मुकाने नावाच्या देवी आजीनं पिवळा आणि पांढरा मका नऊ वेळा दळला. त्यातून आजची माणसं झाली.

1960 ते 1996 ग्वाटेमालात यादवी पेटली. दोन लाखांहून जास्त माणसं मेली किंवा नाहीशी झाली. ज्यांची ओळख पटली, त्यांतले 83 टक्के माया होते. किचे प्रांतातली गावंच्या गावं त्यात होरपळली.

[दृश्य: जमिनीवर अंथरलेलं कापड, लाल बिया.]

हा आहकिह, दिवस सांभाळणारा. वीस नावं, तेरा आकडे, 260 दिवसांचं एक चक्र. जन्माचा दिवस कोणता, त्यावरून माणसाचा स्वभाव इथे सांगतात. समोर बसलेल्या बाईला विचारायचंय, लेकाला शहरात कामाला पाठवू का?

कापडावर त्सितेच्या बिया आहेत. ज्या झाडाचा माणूस सगळं विसरला, त्याच झाडाच्या. तो मूठभर उचलतो, चार-चारचे ढीग मांडतो आणि दिवसांची नावं घेत मोजू लागतो.