बंद पडलेले पाळणे

(नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका छोट्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

नमस्कार मंडळी.

मघाशी एका ताईंनी मुंबईच्या एस्सेल वर्ल्ड या मनोरंजन पार्कची आठवण सांगितली. शाळेची सहल, पहाटे अंधारात सीबीएस बसस्थानकावरून निघालेली गाडी, मग मार्व्याहून खाडी ओलांडणारी बोट. त्या बोलत होत्या तेव्हा मी लक्ष देऊन ऐकत होतो. तिथल्या सगळ्यात मोठ्या राइडबद्दल त्या एकच वाक्य बोलल्या. पाच मिनिटं बोलल्या त्या एका लहानशा पाळण्याबद्दल, जो पुढच्या सहलीला तिथे नव्हता. असं का होतं, याच्या मागे मी गेली कित्येक वर्षं आहे.

मी सातपूरला छत्तीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. त्यामुळे चालणाऱ्या यंत्रापेक्षा बंद पडलेल्या यंत्राकडे माझं लक्ष आधी जातं. चालणारं यंत्र काही सांगत नाही. बंद पडलेलं यंत्र उघडावं लागतं, आणि मग ते बनवणाऱ्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते दिसायला लागतं.

कॅलिफोर्नियातल्या अनाहाइममध्ये संत्र्याच्या बागा तोडून डिस्नेलँड हे मनोरंजन पार्क उभं राहिलं. कामाला सुरुवात १९५४च्या जुलैमध्ये, उद्घाटन १७ जुलै १९५५ला. जेमतेम एक वर्ष. उद्घाटनाचा दिवस टीव्हीवर थेट दाखवला गेला. खोटी आमंत्रणपत्रं छापून घेऊन हजारो माणसं आत शिरली. ऊन इतकं होतं की ताज्या डांबरात बायकांच्या चपलांच्या टाचा रुतत होत्या. नळजोडणी कामगारांच्या संपामुळे वेळ अपुरा पडला, तेव्हा संडास आधी चालू केले आणि प्यायच्या पाण्याचे नळ मागे राहिले. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता. मेंटेनन्सच्या कुठल्याही माणसाने तोच घेतला असता. पण लोकांना वाटलं, सरबतं खपावीत म्हणून नळ बंद ठेवलेत. या सगळ्यानंतरही सात-आठ आठवड्यांत दहा लाख माणसं येऊन गेली.

त्या पहिल्या दिवशी सुरू झालेली एक राइड होती, जगभरच्या कालव्यांची सफर. नाव केवढं मोठं! जगातली प्रसिद्ध ठिकाणं छोट्या रूपात काठावर मांडायची होती. पण पैसे संपले, वेळ संपला. काठ उघडेच राहिले. नुसती माती आणि त्यावर उगवलेलं तण. असं सांगतात की वॉल्ट डिस्नेंनी त्या तणापुढे लॅटिन नावांच्या पाट्या लावायला सांगितल्या, म्हणजे बघणाऱ्याला ती मुद्दाम लावलेली झाडं वाटतील. बोटींच्या मोटरी तापायच्या, बंद पडायच्या, मग बोटी दोरीने ओढून आणायच्या. कर्मचाऱ्यांनीच तिला चिखलकाठाची फेरी असं नाव पाडलं. सप्टेंबरमध्ये, म्हणजे दोन महिन्यांत, ती बंद झाली.

आता पुढचं बघा. १९५६च्या जूनमध्ये तीच राइड पुन्हा उघडली. तोच कालवा, तेच पाणी. फक्त काठावर आता परीकथांमधली इवलीशी गावं होती, हातभर उंचीची घरं, खरी पण खुरटी ठेवलेली झाडं. ती आजही चालते. मुलाकडे गेलो होतो तेव्हा मी तीत बसलो. बोट देवमाशाच्या उघड्या जबड्यातून आत जाते. आमच्या बोटीतली मुलं घरं मोजत होती. मी वाकून काठ बघत होतो. इथे एके काळी काहीच नव्हतं, हे मला ठाऊक होतं, आणि त्या काहीच नसण्यामुळे ती घरं मला जास्त आवडली.

सगळ्यांचं नशीब असं नव्हतं. फँटम बोटी म्हणून मोटरबोटी होत्या, मागे उंच पंख असलेल्या, दिसायला झकास. पाहुण्यांनी स्वतः चालवायच्या होत्या. इंजिनं तापून मध्येच बंद पडू लागली आणि माणसं पाण्यात अडकू लागली. उपाय म्हणून प्रत्येक बोटीत पार्कचा एक माणूस बसवला. म्हणजे पगार वाढला आणि एक जागा गेली. वर्षभरात खेळ संपला.

इथे थांबून एक साधं गणित सांगतो. समजा एका राइडमध्ये वीस जागा आहेत. फेरी तीन मिनिटांची, माणसं चढायला-उतरायला दोन मिनिटं. तासाला बारा फेऱ्या, दोनशे चाळीस माणसं. आता चढण्या-उतरण्याला एकच मिनिट जास्त लागलं तर फेऱ्या दहा, माणसं दोनशे. एका मिनिटापायी तासाला चाळीस माणसं रांगेतच राहिली. आपण म्हणतो, ती राइड वाईट होती म्हणून काढली. बहुतेक वेळा ती या मिनिटात मेलेली असते.

आणि कधी यंत्रच दगा देतं. त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे डिस्नेलँडमधल्याच उडत्या तबकड्या. माझी सगळ्यात लाडकी राइड, आणि मी ती कधी पाहिलेली नाही. १९६१ ते १९६६, पाच वर्षं चालली. कल्पना अशी: एक मोठी फरशी, तिला हजारो भोकं, प्रत्येक भोकाला एक झडप. खाली मोठाले पंखे हवेचा दाब धरून ठेवतात. तबकडी जिथे येईल तिथल्याच झडपा उघडतात, हवा वर येते आणि तबकडी माणसासकट उचलली जाते. बाकीच्या झडपा मिटलेल्या. कॅरमवर पावडर टाकली की सोंगटी कशी अलगद सुटते, तसं. स्टिअरिंग नाही, पेडल नाही. ज्या बाजूला अंग झुकवाल त्या बाजूला तबकडी सरकणार.

हवेच्या लाइनवर काम केलेलं इथे कुणी असेल तर त्याला पुढचं सांगायला नको. आमच्या कारखान्यात कॉम्प्रेसरच्या लाइनला गळती लागली की आम्ही साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन सांधा न् सांधा फिरायचो. ब्रश फिरवायचा, थांबायचं, बुडबुडा आला की खूण करायची. जेमतेम पन्नास सांध्यांना अख्खी पाळी जायची. आणि तिथे हजारो झडपा! उघड्या आकाशाखाली, धुळीत, वर रोज उड्या मारणारी माणसं. दाबाचा तोल गेला की तबकड्या जागच्या जागी बसायच्या. वजनाने हलक्या मुलांना झुकून तबकडी हलवता यायची नाही, फार भारी माणूस बसला तर ती नीट उचलायची नाही. त्या झडपांच्या मागे रात्र रात्र लागलेल्या फिटरांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. मला ती माणसं माझ्या खात्यातली वाटतात.

तरीही ज्या मुलांनी तेव्हा सगळ्यात महागडं, ई अक्षराचं तिकीट देऊन त्यात बसून घेतलं, ती आज सत्तरीत आहेत आणि अजून त्याच राइडबद्दल बोलतात. कारण ती अंगाने चालवायची होती. शेजारच्या पार्कमध्ये २०१२ साली त्याच तत्त्वावर हवेवर तरंगणारी टायरं आणली गेली. नवं तंत्र, नवे पंखे. २०१५च्या फेब्रुवारीत तीही बंद. पन्नास वर्षांनी त्याच कल्पनेकडे पुन्हा हात जातो, म्हणजे ती कल्पना किती ओढ लावणारी असेल!

डिस्नेलँडमध्ये एक सर्कसही होती, तिचं थोडक्यात सांगतो. १९५५च्या नोव्हेंबरात तंबू ठोकला, जानेवारीत उठवला. तिथे यंत्राचा दोष नव्हता. इतक्या लांबून पार्क बघायला आलेला माणूस तासन् तास तंबूत बसून राहणार नाही, एवढंच.

आणि तिथलंच एक प्लॅस्टिकचं घर. १९५७ ते १९६७. भविष्यात माणूस कसा राहील ते दाखवायला बांधलेलं, मधल्या एका खांबावर चार पंख तोललेले. पाडायची वेळ आली तेव्हा क्रेनचा लोखंडी गोळा त्यावर आपटून परत उसळला. एका दिवसाचं काम दोन आठवडे चाललं. काँक्रीटचा पाया तर निघालाच नाही. तो हिरवा रंगवून झाडीत ठेवून दिलाय. मी तिथे उभा राहिलो. मुलगा म्हणाला, बाबा, इथे काय आहे? मी त्याला तो पाया दाखवला, आणि पुढची वीस मिनिटं आम्ही बापलेक तिथेच होतो.

हे सगळं आपल्याला इतकं बारकाईने माहीत का आहे? कारण लोकांनी जपलं. तिकिटांचे अर्धे तुकडे, नकाशे, काकांनी काढलेल्या घरगुती फिल्म. पार्क नेहमी पुढची राइड सांगत असतं. मागची सांगायचं काम चाहत्यांनीच केलं.

आपल्याकडे ते झालेलं नाही. काळिकेच्या यात्रेत नवरात्रात दरवर्षी पाळणे लागतात. आमच्या लहानपणी एका वर्षी एक वेगळाच पाळणा आला होता. डब्यात दोघांनी समोरासमोर बसायचं, मधलं चाक दोघांनी मिळून फिरवायचं, की डबा स्वतःभोवती गरगरायचा. त्याचा पट्टा सारखा निसटायचा. मालक खाली बसून पट्ट्याला राळ चोळायचा, बोटांना चिकटलेली राळ पायजम्याला पुसायचा आणि पुन्हा चालू करायचा. मी आणि धाकटा भाऊ पैसे हातात घट्ट धरून उभे होतो. तिसऱ्या खेपेला नंबर लागला. दीड मिनिट फिरलो असू. पुढच्या वर्षी तो पाळणा आला नाही, कधीच आला नाही.

डबे निळे होते असं मी म्हणतो, भाऊ म्हणतो हिरवे. साल मी १९६९ धरतो, तो १९७०. तुमच्यापैकी कुणी त्यात बसलं असेल, किंवा घरात कुणी मोठं माणूस असेल ज्याला तो आठवत असेल, तर जाताना मला भेटा. वही आणली आहे.