बाजारपेठेच्या पोटात कोरीव खोली: रॉयस्टनची गुहा खणली कुणी, कोरली कुणी?

नमस्कार मंडळी. आज सोलापुरातनं आपण थेट इंग्लंडला चाललोय, आणि तेही जमिनीखाली.

साल १७४२, महिना ऑगस्ट. लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशायर म्हणून परगणा आहे, त्यात रॉयस्टन हे छोटं गाव. गावाच्या मधोमध लोण्याचा बाजार भरायचा. तिथं लोकांना बसायला बाक करायचा म्हणून माणसं खणत होती, तर कुदळ दगडावर वाजली. माती बाजूला केली तर गिरणीच्या जात्याचं गोल दगडी चाक निघालं. ते सरकवलं तर खाली अंधार. सरळ खाली जाणारं भोक, अंगानं बारीक असलेला माणूसच उतरेल एवढं, आणि त्याच्या कडेला पाय ठेवायला खाचा खोदलेल्या.

मग काय, सगळा बाजार गोळा झाला. आधी एका पोराला उतरवलं, मग एका सडपातळ माणसाला हातात पेटती मेणबत्ती देऊन. खाली खोली होती, पण निम्म्याहून जास्त मातीनं भरलेली. आता जमिनीखाली बंद केलेली जागा, वर दगडाचं झाकण, म्हणजे खाली काय असणार? गुप्तधन! आपल्याकडं असतं तर लोकांनी हेच म्हटलं असतं, तिकडच्यांनी पण हेच म्हटलं. गाड्याच्या गाड्या माती उपसली आणि टाकून दिली. हाती लागलं काय तर एक कवटी, काही कुजकी हाडं, पाणी प्यायच्या छोट्या भांड्याचे तुकडे आणि पितळेचा एक साधा तुकडा. सोनं नाही, नाणं नाही, काही नाही.

ह्या गोष्टीतली सगळ्यात मोठी चोरी कुठली विचाराल तर ती हीच, आणि ती गावानं स्वतःच्याच घरात केली. कोरलेल्या दगडाचं वय सहजासहजी काढता येत नाही ओ. दगड मुळात कोट्यवधी वर्षांचा, त्यावर छिन्नी कधी चालली हे कार्बन डेटिंग सांगत नाही, त्याला हाड, लाकूड, कोळसा, धान्य असं कधीतरी जिवंत असलेलं काहीतरी लागतं. ते सगळं त्या मातीत, थरावर थर बसलेलं असणार. म्हणजे आज जे एवढे तर्क लढवले जातायत, त्यांचा निकाल देणारा साक्षीदार लोकांनी पहिल्या काही दिवसातच गावाबाहेर नेऊन ओतला.

[पडद्यावर: गुहेचा उभा छेद, चित्र]

आता खोलीचा आकार बघा, नीट बघा, कारण माझा सगळा मुद्दा ह्या आकारावरच आहे. पांढऱ्या खडूच्या मऊ खडकात खणलेली, वर तोंड अरुंद, खाली पोट मोठं, घंटेसारखी. उंची साधारण ८ मीटर, तळाशी रुंदी साधारण ५ मीटर. तळाला भिंतीलगत आठ कोनी ओटा. आणि भिंतीच्या खालच्या भागात, माणसाच्या नजरेला येईल अशा पट्ट्यात, मूर्तीच मूर्ती.

मूर्ती म्हणजे अजंठा-वेरूळ डोळ्यापुढं आणू नका. सपाट भिंतीत उठावानं कोरलेल्या, डोकं मोठं, हात काडीसारखे, शाळेतल्या पोरानं काढावीत तशी माणसं. पण कोण कोण आहेत ते ओळखू येतं. क्रुसावरचा येशू आहे. हातात चाक धरलेली संत कॅथरीन आहे, तिला चाकावर मारायचं ठरलं होतं अशी कथा, म्हणून चाक ही तिची खूण. संत लॉरेन्सच्या हातात लोखंडी जाळी आहे, कारण त्याला जाळीवर भाजून मारलं असं सांगतात. संत ख्रिस्तोफर आहे, हातात काठी, खांद्यावर बाळ येशू, नदी ओलांडतोय. राजे-राणी वाटाव्यात अशा मुकुटवाल्या आकृत्या पण आहेत, त्यांची नावं मात्र प्रत्येक अभ्यासक आपापल्या मर्जीनं ठेवतो. आणि कधीकाळी हे सगळं रंगवलेलं होतं, रंगाचे अंश सापडलेत.

कुठंही तारीख नाही. हे सोलापूरकराला जास्तच टोचतं, कारण आपल्या दक्षिण सोलापुरात, सीना-भीमेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला देवळाच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख बसलाय, ‘वाछितो विजेया होऐवा’. एका ओळीनं आपला निम्मा वाद संपवला. रॉयस्टनच्या कोरणाऱ्याला एवढं जरी सुचलं असतं तर आज हा व्हिडिओच करायला लागला नसता.

तर वाद. गुहा सापडली की लगेच विल्यम स्टुकली हजर. स्टोनहेंजवर लिहिणारे हेच, न्यूटनच्या सफरचंदाची गोष्ट आपल्यापर्यंत आणण्यात पण ह्यांचाच हात, म्हणजे गोष्ट रंगवून सांगण्यात माणूस पक्का. ह्यांनी १७४३ मध्ये जाहीर केलं की ही लेडी रोयसिया नावाच्या सरदार घराण्यातल्या बाईची खाजगी प्रार्थनेची खोली. लगेच १७४४ मध्ये चार्ल्स पार्किन नावाचे दुसरे पाद्री उठले, म्हणाले साफ चूक, ही त्याच्याही आधीची, सॅक्सन काळातली, म्हणजे १०६६ च्या आधीची आहे. दोघंही धर्मगुरू आणि छापील भांडण असं की आजच्या कमेंट सेक्शनला लाजवेल. पुरावा दोघांकडंही नव्हता.

पुढं १८५० च्या दशकात जोसेफ बेल्डम नावाच्या वकिलांनी, जे रॉयस्टनलाच राहायचे, राहिलेली माती नीट उकरून बघितली. त्यांनी एक हुशारी केली ती मला फार आवडते. ते म्हणाले, खड्डा वेगळा आणि कोरीवकाम वेगळं धरा. खड्डा आधीचा, फार तर रोमन काळातला, देवदेव नंतर आला. बाकी त्यांचं चुकीचं असू द्या, पण एकाच प्रश्नाचे दोन प्रश्न त्यांनी केले ते बरोबर केलं, आणि आजचे निम्मे व्हिडिओवाले तेवढं पण करत नाहीत.

[पडद्यावर: जुन्या वाड्यातलं पेव, झाकणाचा दगड]

आता जरा मंगळवेढ्याकडं चला. दामाजीपंतांचं मंगळवेढं, दुष्काळात कोठारं उघडली ते. त्या काळ्या रानात ज्वारी एवढी पिकायची की ठेवायची कुठं, तर जमिनीत, पेवात. एका जुन्या वाड्यात आम्ही कॅमेरा घेऊन गेलो, तिथल्या काकांनी फरशी सरकवून दाखवली. तोंड एवढंसं, खांदे तिरके केले तरच माणूस जातो, आणि टॉर्च मारला तर आत घागरीसारखं पोट. भिंतीला अजून भुसकट चिकटलेलं, एक दमट आंबूस वास. काका म्हणाले, ‘झाकण काढलं की लगेच उतरायचं नसतं बाळांनो. तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील सोडायचा दोरीनं. कंदील विझला तर कुणी खाली जायचं नाही.’ धान्य श्वास घेतं ना, आतला ऑक्सिजन संपवतं, कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस उतरला की बसल्या जागी संपतो. रॉयस्टनची गोष्ट सांगितली तर काकांचा पहिला प्रश्न, ‘मेणबत्तीच्या आधी पोराला कशाला सोडलं ओ त्यांनी?’

आता हे ऐकून कुणी म्हणेल, काहीही काय बे, इंग्लंडात कुठलं पेव? तर आहेत. हॅम्पशायरमध्ये डेनबरी नावाच्या लोहयुगातल्या गढीवर १९६९ पासनं वीसेक वर्षं उत्खनन चाललं, तिथं पांढऱ्या खडूच्या खडकात खणलेले हजारो खड्डे मिळाले, त्यातले कितीतरी असेच, तोंड बारीक, पोट मोठं, धान्य साठवायचे. बटसरला प्रायोगिक शेतावर तर तसे खड्डे खणून, धान्य भरून, मातीनं तोंड लिंपून बघितलं, धान्य टिकलं आणि नंतर पेरल्यावर उगवलं पण.

मग रॉयस्टनचं पेवच होतं का? नाही, मी तिथपर्यंत जाणार नाही. ते खड्डे माणूसभर, फार तर दोन माणूस खोल. ही ८ मीटर. एवढं पेव भरायचं कधी आणि रिकामं करायचं कसं. पण इंग्लंडात दुसरी एक गोष्ट आहे, डेनहोल, केंट आणि एसेक्सकडं जास्त. खडकात सरळ खाली जाणारी अरुंद विहीर, कडेला पाय ठेवायला खाचा, आणि तळाला पसरलेल्या खोल्या. जमीन सुधारायला शेतात टाकायचा पांढरा खडू त्यातनं काढायचे. अरुंद तोंड, पायाच्या खाचा, पोट मोठं. आता परत रॉयस्टनचं ते भोक आठवा. मला वाटतं हा खड्डा कुणीतरी पोटापाण्याच्या कामासाठी खणला, खडू काढायला म्हणा, गारगोटी काढायला म्हणा, काही साठवायला म्हणा. देव त्यात नंतर राहायला आले. रहस्य म्हणून हे जरा फिकं वाटतं, पण आकार तेच सांगतोय.

पण लोकांना फिकं नको असतं. लोकांना पाहिजेत टेम्पलर.

टेम्पलर म्हणजे पांढरा झगा, छातीवर लाल क्रूस, जेरुसलेमच्या यात्रेकरूंचं रक्षण करायला बाराव्या शतकात निघालेले साधू-शिपाई. पुढं एवढे पैसेवाले झाले की राजांना कर्ज द्यायचे. फ्रान्सच्या राजानं १३ ऑक्टोबर १३०७, शुक्रवारी, त्यांना धरपकड करून आत टाकलं आणि १३१२ मध्ये पोपनं संघटनाच बंद केली. टेम्पलरांनी वसवलेलं बाल्डॉक हे गाव रॉयस्टनपासून जेमतेम १४ किलोमीटर. सिल्व्हिया बीमन ह्या संशोधक बाईंनी विसाव्या शतकात ही बाजू जोरात मांडली. त्यांचं म्हणणं असं की तेराव्या शतकात टेम्पलर रॉयस्टनच्या आठवडी बाजाराला यायचे, गावात ऑगस्टिनियन मठ होता, त्या साधूंशी ह्यांचं पटायचं नाही, म्हणून ही गुहा त्यांनी वापरली. भिंतीत वासे बसवल्यासारख्या खोबणी आहेत, म्हणजे मध्ये लाकडी माळा असणार, खालीवर दोन भाग, गारव्याला माल ठेवायचा आणि प्रार्थना पण करायची.

हे अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. संत कॅथरीनच्या दिवशी, २५ नोव्हेंबर ११७७ ला, सलादीनविरुद्धची माँटगिसार्डची लढाई झाली आणि तिथं टेम्पलर जिंकणाऱ्या बाजूला होते, त्यामुळं तिच्यावर त्यांची भक्ती, हे जुळतं. एका जागी जवळजवळ दोन आकृत्या आहेत, त्या म्हणे एकाच घोड्यावरच्या दोन स्वारांच्या, जी टेम्पलरांची ओळखीची मुद्रा. पण त्या जागेची नंतरच्या काळात डागडुजी झालीय, म्हणून तिच्यावर भार टाकता येत नाही. आणि कॅथरीन काय, त्या काळी इंग्लंडातल्या कुठल्या चर्चमध्ये नव्हती? गावात मारुती दिसला म्हणून ते गाव समर्थांनीच वसवलं असं आपण म्हणतो का.

वास्तुकलेचे अभ्यासक निकोलस पेव्हस्नर तर ह्या कोरीवकामाला चौदाव्या ते सतराव्या शतकातलं, वेगवेगळ्या वेळचं आणि शिकाऊ हातांचं मानायचे. ते खरं धरलं तर बरंचसं काम टेम्पलर संपल्यानंतरचं होतं.

बाकीचे तर्क पटापट. मठाचा तुरुंग? असेल, पण कैद्याला आठ कोनी ओटा कशाला. फ्रीमेसन, म्हणजे गुप्त विधी पाळणाऱ्या बंधुसंघटनेच्या लोकांची सभा? राजा पहिला जेम्स रॉयस्टनला शिकारीला येऊन राहायचा, तेवढ्यावर ही इमारत उभी केलीय. पृथ्वीच्या शक्तिरेषा गुहेखालनं जातात? हातात तारा घेऊन हिंडणारे पाणाडे तिकडं पण आहेत, एवढंच सांगतो.

माझं बोट ख्रिस्तोफरवर आहे. कॅथरीनवर सगळे व्हिडिओ, ह्याच्याकडं कुणी बघत नाही. ख्रिस्तोफर हा वाटसरूंचा संत. त्याचं तोंड बघितलं की त्या दिवशी वाटेत मरण येत नाही असा समज, म्हणून चर्चच्या दारासमोरच्या भिंतीवर त्याला मोठा करून रंगवायचे. आणि रॉयस्टन कुठं वसलंय? दोन जुन्या रस्त्यांच्या चौकात. एक अर्मिन स्ट्रीट, लंडनहून उत्तरेला जाणारा रोमन रस्ता, दुसरा इकनील्ड वे, त्याहून जुना समजला जाणारा. गुहा ह्या चौकालाच लागून. मग गुप्त संघटना कशाला पाहिजे? आधीचाच खड्डा, चौकात येणारेजाणारे, आत राहणारा एखादा बैरागी, त्याला चार पैसे देऊन खाली उतरणारे वाटसरू. आणि दगड तर असा की नखानं ओरखडा निघावा. आपल्या काळ्या पाषाणाला पाथरवट लागतो, त्याची पिढीजात विद्या लागते. ह्या खडूला एक चाकू आणि रिकामा वेळ पुरे. म्हणूनच सगळ्या मूर्ती एका हाताच्या वाटत नाहीत. पुरावा म्हणाल तर माझ्याकडं पण नाही, वजन कुठं जास्त पडतं तेवढं सांगतोय.

आज आत जायला ते वरचं भोक नाही. १७९० मध्ये एका बांधकामवाल्यानं, हिवाळ्यात हाताखालच्या माणसांना काम नव्हतं म्हणून, बाजूनं तिरकं भुयार खणून घेतलं आणि तिकीट लावून लोकांना दाखवायला लागला. तीच वाट अजून चालू आहे. वरनं गाड्यांची ये-जा, आत ओल, मऊ दगड, त्यामुळं मूर्ती झिजतायत आणि जपणुकीचं काम सतत चालू असतं.

आणि तुमच्याकडं, मंगळवेढा, सांगोला, मोहोळ, बार्शी, अक्कलकोट, कुठंही जुन्या वाड्यात पेव असेल तर तोंडाची रुंदी, आतली खोली, भिंतीत पाय ठेवायला खाचा आहेत का, हे मोजून फोटोसकट पाठवा. मोजमाप वरनंच, दोरी सोडून. आत उतरायचं नाही म्हणजे नाही.