स्तिफादो: अख्ख्या कांद्यांचं ग्रीक मटण

नमस्कार मंडळी! हा बघा कांदा. अख्खाच्या अख्खा. दीड-दोन तास मटणाच्या रश्श्यात रटरटलाय, तरी चमच्याने दाबला की मग कुठे फुटतो. आपल्याकडे मटणात कांदा म्हणजे वाटण, तो दिसला तर सासूबाई विचारणार, नीट परतला नाहीस का गं? ग्रीसमध्ये बरोब्बर उलटं, स्तिफादोमध्ये कांदा विरघळला की स्तिफादो फसलं!

म्हणजे एक किलो मटणाला जवळजवळ एक किलो छोटे कांदे, आपले सांबारात टाकतात ना, तेवढे. ग्रीक लोक बीफ घेतात नाहीतर ससा, सशाचं तर फारच फेमस आहे, आणि ईस्टरच्या आधीच्या मोठ्या उपासात मांस बंद असतं पण ऑक्टोपस चालतो, म्हणून ऑक्टोपसचं पण स्तिफादो करतात. उपासाला ऑक्टोपस! आणि आपण साबुदाण्यावर भांडतोय.

नाव मूळचं इटालियन वळणाचं, स्तुफातो म्हणजे मंद आचेवर झाकून शिजवलेलं. इटलीतल्या व्हेनिसवाल्यांचं राज्य ग्रीसच्या क्रीट बेटावर १६६९ पर्यंत आणि कॉर्फू बेटावर तर १७९७ पर्यंत होतं, त्यामुळे तिकडच्या स्वयंपाकात असे शब्द बरेच सापडतात. टोमॅटो मात्र अमेरिकेतून आलेला, तो या भांड्यात खूप नंतर पडलाय.

आता माझी फजिती. पहिल्यांदा केलं तेव्हा छोटे कांदे सोलायचा कंटाळा, म्हणून घरातलेच मोठे कांदे चार-चार फोडी करून टाकले आणि वर आपल्या सवयीने दर पाच मिनिटांनी पळी फिरवत बसले. तासाभराने बघते तर कांदा गायब, दालचिनीचा वास येणारा मटण रस्सा तयार! चांगला लागला, खोटं कशाला बोलू, पण ते स्तिफादो नव्हतं.

तर कांदे उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाका, सालं सटासट निघतात. मुळाकडचं टोक नुसतं खरवडायचं, कापायचं नाही, तिथूनच पाकळ्या सुटतात. ऑलिव्ह ऑइलमध्ये कांदे लालसर करून बाजूला काढा, त्यात मटण परता, मग रेड वाईन, थोडं व्हिनेगर, टोमॅटो, दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा, तमालपत्र आणि ऑलस्पाइस. हा मसाल्यांचा मिक्स नाही हां, मिरीसारखे दिसणारे एकाच झाडाचे दाणे असतात. मटण अर्धं शिजलं की कांदे आत, झाकण लावा आणि पळी लांब ठेवा. हलवायचंच असेल तर भांडं दोन्ही कानांना धरून गदगदा हलवा.

कांदा टिकतो कसा? तुम्हाला माहितीच आहे की! डाळीत चिंच आधी पडली की डाळ शिजता शिजत नाही, बरोबर? इथे तेच काम वाईन, व्हिनेगर आणि टोमॅटो करतात, आंबटपणामुळे कांदा आतून मऊ होतो पण आकार सोडत नाही. रस्सा दाट करायला पीठबीठ काही नको, मटणाच्या चिकट भागानेच तो दाटसर होतो, म्हणून खांदा किंवा नळीचे पीस मागा, बोनलेस नको.

तिकडे ब्रेडने पुसून खातात, मी भाकरीने पुसलं. आणि रात्रीचं थोडं झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी दुपारी आंबटपणा मुरलेला असतो, आमच्याकडे त्या शेवटच्या तीन कांद्यांवरून भांडण झालं.