जुन्या जिप्सीचे कूलंट आणि आत अडकलेली हवा

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, आणि त्याच उन्हात ताडोबाच्या कच्च्या रस्त्यांवर सफारीच्या जिप्सी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असतात. गाडी वेगात असली म्हणजे समोरून येणारा वारा रेडिएटर थंड ठेवतो. रांगणाऱ्या गाडीला मात्र पंख्याच्याच भरवशावर राहावे लागते, आणि म्हणून थंडाव्याच्या यंत्रणेतला बारीकसा दोषही अशा रस्त्यावर लगेच उघडा पडतो. सह्याद्रीतल्या घाटवाटांवर हौसेने जुनी जिप्सी घेऊन जाणाऱ्यांनाही हेच सोसावे लागते. आज मी बोलणार आहे ते या गाडीतले जुने कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी पाण्यात मिसळून वापरायचे द्रावण, काढून नवे कसे भरावे आणि भरताना आत अडकलेली हवा बाहेर कशी काढावी, याविषयी. त्यातला पहिला भाग कोणालाही जमतो. गाडी गरम होण्याच्या तक्रारी येतात त्या दुसऱ्या भागात केलेल्या घाईमुळे.

१९८५ च्या अखेरीस बाजारात आलेल्या जिप्सीला प्रथम ९७० सीसीचे इंजिन होते आणि नव्वदच्या दशकात १२९८ सीसीचे आले. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक गाड्या या दुसऱ्या इंजिनाच्या असून त्याचे हेड, म्हणजे वरचा भाग, आणि ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला खालचा भाग, दोन्ही ॲल्युमिनियमचे आहेत. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असे म्हणून बोअरचे पाणी भरणारे अनेक जण असतात. पण बोअरच्या जड पाण्यातले क्षार नेमके जिथे इंजिन सर्वांत जास्त तापते तिथे, म्हणजे हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास, थर धरतात आणि तो थर उष्णता पाण्यापर्यंत पोहोचू देत नाही. शिवाय साध्या पाण्याने ॲल्युमिनियम आतून खाल्ले जाते. कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये हे थांबवतात, पण तीही कालांतराने संपतात, आणि म्हणूनच जुन्या पद्धतीचे हिरवे कूलंट साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते.

इंजिन पूर्ण थंड असतानाच कामाला हात घालावा. रेडिएटरचे झाकण आत सुमारे ०.९ किलोचा दाब धरून ठेवते, आणि या दाबामुळे आतले पाणी शंभर अंशांना न उकळता ११८ अंशांच्या आसपास उकळते; गरम इंजिनाचे झाकण उघडले तर तो दाब एकदम सुटून उकळते पाणी थेट तोंडावर येते. गाडीला हीटर असेल तर त्याचा खटका पूर्ण गरमवर ठेवावा, नाहीतर हीटरमधले पाणी जागच्या जागी राहते. मग झाकण काढावे आणि रेडिएटरच्या तळाचा ड्रेन प्लग हातानेच सोडावा. पक्कड लावल्यास जुना प्लग तुटतो आणि अर्ध्या तासाच्या कामाला दोन दिवस लागतात.

इथे एक गोष्ट नेहमी दुर्लक्षित राहते. प्लग सोडल्यावर निघते ते रेडिएटरमधले पाणी. ब्लॉकमधले पुष्कळसे आतच राहते. म्हणून बाहेर आलेले पाणी भांड्यात धरून मोजावे. या गाडीची एकूण क्षमता सुमारे पाच लिटर आहे. समजा साडेतीन लिटर निघाले, तर दीड लिटर आत आहे. निघालेले पाणी तांबूस आणि गाळाचे असेल, तर साधे पाणी भरून वरचा होज पाइप गरम होईपर्यंत इंजिन चालवावे, इंजिन थंड होऊ द्यावे, पुन्हा सोडावे, आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत हे करत राहावे. अशा धुण्यानंतर ब्लॉकमध्ये उरलेले ते दीड लिटर साधे पाणीच असते. त्यावर बाजारातले आधीच पाणी मिसळलेले कूलंट ओतले तर मिश्रण पातळ होते. त्याऐवजी घट्ट, म्हणजे पाणी न मिसळलेले कूलंट आणावे, आधी अडीच लिटर तेच ओतावे आणि उरलेली एक लिटरची जागा डिस्टिल्ड वॉटरने भरावी, म्हणजे निम्मे-निम्मे हे प्रमाण बरोबर साधते. जास्त कूलंट म्हणजे जास्त थंडावा, हा मात्र गैरसमज आहे. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस असते.

आता हवेकडे वळू. या इंजिनात थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच उघडणारी झडप, इंजिनातून पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवर, वरच्या बाजूला असतो आणि ८२ अंशांच्या आसपास उघडू लागतो. थंड इंजिनात तो बंद असल्यामुळे आपण रेडिएटरमधून ओतलेले पाणी खालच्या पाइपाने ब्लॉकमध्ये चढते, पण वरची हवा थर्मोस्टॅटखाली कोंडून राहते. तिला सुटायला थर्मोस्टॅटच्या चकतीत एक बारीक छिद्र आणि त्यात हलणारी लहानशी पिन असते. बसवताना हे छिद्र वरच्या बाजूला येईल असे पाहावे. कोंडलेली हवा धोक्याची असते ती तापमान दाखवणाऱ्या काट्यामुळे. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच खरे सांगतो, हवेच्या पोकळीत सापडला तर काटा मध्यावरच राहतो आणि हेड मात्र तापून वाकते.

म्हणून गाडी चढावर, तोंड वर करून उभी करावी, म्हणजे रेडिएटरचे तोंड सर्वांत उंच होते आणि हवा आपोआप तिकडे सरकते. कूलंट बारीक धारेने ओतावे, मधूनमधून वरचा होज पाइप हाताने दाबत राहावे. प्रत्येक दाबासरशी तोंडाशी बुडबुडे येतात आणि पातळी बोटभर उतरते. पातळी उतरायची थांबली की झाकण उघडे ठेवूनच इंजिन सुरू करावे आणि एक्सलरेटर न दाबता चालू द्यावे. पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग एकाएकी हाताला चटका देतो. थर्मोस्टॅट उघडल्याची खूण तीच. त्या क्षणी मोठा बुडबुडा येऊन पातळी झपकन खाली जाते. तेवढे भरावे, बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहावी आणि मगच झाकण लावावे. गाडी वरचेवर गरम होते म्हणून काही मेकॅनिक थर्मोस्टॅटच काढून टाकतात, ते मला मुळीच मान्य नाही. त्यामुळे इंजिन हवे तेवढे तापतच नाही, इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल जास्त जाते, आणि मूळ दोष झाकला जातो.

उरलेली हवा काढण्याचे काम रिझर्व्ह टाकी करते. रेडिएटरच्या झाकणाला दोन झडपा असतात. तापल्यावर एक झडप जादा पाणी टाकीत सोडते आणि निवल्यावर दुसरी ते परत ओढून घेते. यासाठी टाकीतल्या नळीचे टोक पाण्यात बुडालेले हवे आणि नळीला चीर नको, नाहीतर इंजिन निवताना पाण्याऐवजी हवाच आत ओढली जाते आणि काढलेली हवा रात्रीतून परत येते. सकाळी वरचा होज पाइप चपटा झालेला दिसला, तर आत ओढणारी झडप अडकली आहे असे समजावे आणि झाकण बदलावे. पहिले काही दिवस रोज सकाळी, थंड इंजिनावर टाकीतली पातळी पाहून खुणेपर्यंत भर घालावी.

काढलेले कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नये, कारण त्यातले ग्लायकॉल गोडसर असून विषारी असते आणि कुत्री-मांजरे ते चाटतात. आणि एवढे सगळे करूनही बुडबुडे थांबत नसतील, एक्सलरेटर दाबताच वाढत असतील, तर ती अडकलेली हवा नव्हे. तो हेड गॅस्केटमधून, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पट्टीतून, पाण्यात शिरणारा सिलिंडरचा वायू असण्याची दाट शक्यता असते, आणि अशी गाडी त्या स्थितीत जंगलात किंवा घाटात न नेता आधी तिचे गॅस्केट तपासून घ्यावे.