सदाफुलीची पानं खाऊन किमो टाळता येते का?

नमस्कार! "ताई, सदाफुलीची पानं रोज उपाशीपोटी चावली तर किमो टळेल का?" नाशकात पंचवटीपासून सिडकोपर्यंत हा प्रश्न मला सतत विचारला जातो. किमो म्हणजे कॅन्सरवर दिली जाणारी औषधं. विचारणारीच्या मनात खर्चाची, केस जाण्याची, किमोच्या त्रासाची धास्ती असते. ती खरी आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

झाडांमधून कॅन्सरची औषधं मिळाली, यात काहीच खोटं नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये कायम वापरलं जाणारं पॅक्लिटॅक्सेल अमेरिकेतल्या पॅसिफिक यू या झाडाच्या सालीत सापडलं. ते शोधणाऱ्या दोघांपैकी एक आपल्या शेजारचे बरं का! मनसुख वाणी, १९२५ सालचा जन्म, नंदुरबारचा. मला याचा फार अभिमान वाटतो. वाणी आणि मन्रो वॉल यांनी १९७१ मध्ये त्या रेणूची रचना प्रसिद्ध केली.

आता हे बघा. साल गोळा केली १९६२ मध्ये, आणि स्तनाच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली १९९४ मध्ये. मधली ३२ वर्षं कशात गेली? औषध काम कसं करतं हेच १९७९ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ सुझन हॉर्विट्झ यांनी उलगडलं. पेशीची दोन पेशींत विभागणी होताना आत सूक्ष्म नळ्यांचा सांगाडा उभा राहतो, बांधकामाच्या परांचीसारखा, आणि काम झालं की सुटतो. पॅक्लिटॅक्सेल तो सुटूच देत नाही. पेशी अर्ध्यात अडकते आणि मरते. शिवाय हा पदार्थ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणजे सालीचा काढा उकळून हाती काहीच लागलं नसतं. सालीसाठी झाडंही मरत होती. पुढे युरोपातल्या यूच्या पानांतून कच्चा रेणू काढून प्रयोगशाळेत औषध बनवायला लागले, तेव्हा कुठे ते पुरेसं मिळू लागलं.

सदाफुलीचंही तसंच. तिच्यातल्या रसायनांपासून बनवलेलं विनोरेलबिन पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये देतात. पण पानात ही द्रव्यं अगदी नगण्य असतात, एक ग्रॅमसाठी शेकडो किलो पानं लागतात. वर ती विषारी आहेत, रक्तपेशी कमी करतात, नसांना इजा करतात. दवाखान्यात ती मिलिग्रॅममध्ये मोजून, रक्त तपासून देतात. तुमच्या कुंडीतल्या चार पानांत किती आहे, हे कोण मोजणार?

आणि आपली द्राक्षं! सालीतलं रेस्व्हेराट्रॉल हे द्रव्य प्रयोगशाळेत काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी रोखतं, हे खरं. खाल्ल्यावर मात्र आतडी आणि यकृत त्याचं रूप लगेच बदलतात, रक्तात मूळ द्रव्य फारच थोडं उरतं. निफाडची द्राक्षं फळ म्हणून भरपूर खा, औषध म्हणून नको.

हळदीचं जास्त काळजीचं आहे. भाजी-आमटीतली हळद चालू ठेवा. पण टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी घेणाऱ्या बायकांना हळद आणि मिरीच्या अर्काच्या कॅप्सूल दिल्यावर त्या गोळीपासून शरीरात तयार होणाऱ्या कामाच्या द्रव्याची रक्तातली पातळी घटलेली दिसली आहे. म्हणून काढा, चूर्ण, कॅप्सूल, जे काही घेत असाल ते पुडी-डबीसकट पुढच्या तपासणीला घेऊन जा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. ओरडतील म्हणून लपवू नका.