करडईचं फूल आणि चेहऱ्याचा रंग

बायांनो, या ताटलीत काय आहे, ओळखा बरं. केशर? तुमचं चुकलं नाही, केशरात भेसळ करतात ती याचीच. ही आपली करडई. माझी आत्या हाताला चिंध्या गुंडाळून पहाटेच्या दवातच करडई काढायची, ऊन चढलं की काटे हात लावू देत नाहीत. बी घाण्यावर गेलं, पाकळ्या मातीत गेल्या. आता क्रीमच्या बाटलीवर 'करडईच्या फुलांचा अर्क' छापलेला दिसतो, आणि तुमच्या बचत गटालाही तसंच काहीतरी करायचंय.

आधी हे बघा. पाकळ्या फडक्यात बांधून गार पाण्यात चोळते. पाणी पिवळं झालं. असं दोन-तीनदा करून ते ओतून द्यायचं. पाकळ्या अजून तांबड्याच आहेत. आता पाण्यात चिमूटभर पापडखार. आता उतरला तांबडा. त्यात लिंबू पिळून हा सुती धागा टाकते. आला ना गुलाबी? हाच जुना कुसुंबी रंग. त्यातल्या लाल द्रव्याला कार्थामिन म्हणतात. जपानात त्याचाच ओठांचा रंग करत आलेत, 'बेनी'.

एकाच पाकळीतून पाण्यात एक उतरतं, खारात दुसरं, अल्कोहोलमध्ये आणखी वेगळं. मग बाटलीवर नुसतं 'अर्क' वाचून काय कळलं? मागची यादी बघा. जास्त असलेलं आधी लिहितात, पण १ टक्क्याच्या आतलं कोणत्याही क्रमाने लिहिता येतं. फूल बहुतेकदा त्या शेपटातच सापडतं.

कातडीचा रंग मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्याचा. ते बनवायला टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं. फुलांतली काही द्रव्यं त्याला मंद करतात, हे प्रयोगशाळेत दिसलंय. पण काचनळीतलं एन्झाइम उघडं असतं, चेहऱ्यावर वरचा थर ओलांडून आत पोचावं लागतं. पोचलंच तर डाग जरा फिके होतील. जन्माचा सावळा रंग जाणार नाही, आणि तो का घालवायचा हेही मला कळलेलं नाही. कापूस वेचायला जाणारीच्या गालावरचं वांग उन्हाने वाढतं. तिला अर्काआधी रुमाल आणि सनस्क्रीन द्या.

माझ्या बहिणीने मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय एक ट्यूब आणली होती. तीन आठवडे चेहरा उजळ, मग लालबुंद. चुलीपुढे बसवेना. आत स्टिरॉइड होतं. झटपट उजळणाऱ्या क्रीमवर फुलाचं चित्र असलं तरी मला तिचा चेहरा आठवतो.

तुम्ही काय करावं? पाण्यातला अर्क दोन दिवसांत आंबतो, आणि क्रीम बनवून विकायला परवाना लागतो. त्यापेक्षा फूल कोमेजलं की पाकळ्या खुडा, सावलीत वाळवा, सुक्या विका. मावा किडीसाठी औषध फवारलेल्या रानातल्या मात्र नकोत.

हा धागा मागे द्या. जपून, रंग बोटाला लागतो.